कोऱ्या कागदाची तक्रार

मुलुंड, शनिवार, २० फेब्रुवारी १९५४

लवू परबाच्या दुकानातून आज 'मेघश्याम' शाईची नवी बाटली आणली. निळी-काळी. बूच पहिल्यापासूनच ढिलं. घरी येईपर्यंत सदऱ्याचा खिसा, रुमाल आणि उजव्या हाताची तीन बोटं निळी झाली. आईने सदरा लिंबू लावून भिजत घातला आणि म्हणाली, "कॉलेज सुटलं तरी शाई काही सुटत नाही."

कॉलेज सुटलं नाही, मी सोडलं. किती वेळा सांगायचं. इंटर सायन्सच्या प्रॅक्टिकलला डेमॉन्स्ट्रेटर म्हणाला, "सबनीस, शेजारी कोरी नळी ठेवून ताडून पाहिल्याशिवाय निष्कर्ष लिहितोस कसा?" मी म्हटलं, निष्कर्ष बरोबर आहे ना, मग कोऱ्या नळीशी काय करायचंय. तो सगळ्या वर्गासमोर हसला. मी नळी बेसिनमध्ये आपटली आणि बाहेर पडलो. डिसेंबरपासून घरी आहे. आप्पा कचेरीतून आले की माझ्याकडे न बघता वर्तमानपत्र मागतात.

ही वही आजपासून सुरू, याच बाटलीतून. पद्मजाला पत्र लिहायचं आहे, त्याआधी हात मोकळा व्हावा म्हणून. पद्मजा म्हणजे समोरच्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या मुळगावकरांची मुलगी. बालमंदिरात शिकवते. माझ्या बहिणीची, उत्तरेची, लहानपणापासूनची मैत्रीण. मला जया म्हणते. तिच्या तोंडून ते नाव वेगळंच लागतं.

मंगळवार, २ मार्च

पत्र झालं. चार दिवस खपलो, नऊ खर्डे फाडले. शेवटी दोन्ही बाजू भरून एकच कागद.

पत्रात एक गोष्ट अशी आहे की ती अजून कोणालाच सांगितलेली नाही. आप्पांना नाही, आईला नाही, उत्तरेला तर नाहीच. तू हो म्हणालीस तर जूनमध्ये परत कॉलेजात जाईन, त्या डेमॉन्स्ट्रेटरची माफी मागावी लागली तरी मागेन. हे फक्त तिला आणि या वहीला माहीत. ती नाही म्हणाली तर माफीबिफी काही नाही.

कागदाच्या दोन घड्या घातल्या, पाकिटात घातला आणि अकराची घंटा व्हायच्या आत बालमंदिराच्या फाटकाशी गेलो.

"हे काय रे?"

"घरी जाऊन वाच."

तिने ते खडूच्या डब्याबरोबर पिशवीत टाकलं. एवढंच. पण टाकताना दोन बोटांत कसं धरलं होतं ते मी पाहिलं आहे.

शुक्रवार, ५ मार्च

उत्तर नाही. आज फाटकाशी उभा होतो तर मला पाहून ती खाली वाकली आणि एका मुलाच्या बुटाची नाडी बांधत बसली. बराच वेळ. मुलगा बाहेर आला तेव्हा त्याच्या पायात चपला होत्या. दुसरा मुलगा असेल.

तीन दिवसांत एवढंसं पत्र वाचून होत नाही का? की वाचून झालं आहे आणि हेच उत्तर आहे? जेवण जात नाही. उत्तरा म्हणते, "दादा, पोळी वाढू की नुसती दाखवून परत नेऊ?"

गुरुवार, ११ मार्च

आज तिला गाठलंच. फाटकाबाहेर, चिंचेखाली.

"पत्र वाचलंस?"

"कुठलं पत्र?"

"मी दिलेलं. गेल्या आठवड्यात."

"ते होय." ती पिशवीचा बंद सारखा करू लागली. "अरे, आत नुसता कोरा कागद होता. मला वाटलं, तू थट्टा केलीस."

"कोरा? दोन्ही बाजू भरून लिहिलं होतं मी."

"नव्हतं रे काही."

 एकदम सगळं लख्ख समजलं. ढिलं बूच. पाण्यासारखी पातळ शाई. खिसा निळा झाला तोही एका धुण्यात गेला होता.

"शाई उडाली," मी म्हटलं. "मेघश्याम. सगळी भेसळ."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग सावकाश म्हणाली, "हां. तसंच झालं असेल."

लगेच पटलं तिला. दुसरी कोणी असती तर दहा प्रश्न विचारले असते.

"मी पुन्हा लिहितो."

"नको, जया. घरी आई सगळी पत्रं बघते. खरंच नको लिहूस."

"मग तोंडीच सांगतो."

"घंटा झाली," म्हणून ती आत पळाली. माझ्या घड्याळात पावणेअकराच होते. मला काही घंटा ऐकू आली नाही. पण मी तरी त्या वेळी काय ऐकत होतो.

नऊ दिवस मी उगाच मरत होतो. तिने नकार दिलेलाच नाही, कारण तिने काही वाचलेलंच नाही. शाई खराब आहे, म्हणजे माझं अजून काहीही बिघडलेलं नाही. आता फक्त हे त्या कंपनीकडून कबूल करून घ्यायचं, कागद पद्मजासमोर ठेवायचा आणि म्हणायचं, बघ, मी लिहिलं होतं. मग पुढचं ती आपणहून विचारील.

शुक्रवार, १२ मार्च

आधी लवू परबाकडे गेलो. बाटली त्याच्या पुढ्यात आपटली.

"शाईत पाणी कोण घालतं? तू की कंपनी?"

लवूने बाटली उचलून उजेडात धरली, मग तिच्यावरच्या पत्त्यावर बोट ठेवलं. "माका कित्याक सांगतस? कंपनीक लिही मरे. पत्तो हयसरच छापलोहा." मग खालच्या आवाजात, "बूच ढिला आसा ता खरा. माझो अख्खो कप्पो निळो झालो."

बूच ढिलं हे कबूल करतो आणि शाईबद्दल गप्प. दोघांचं संगनमत असणार.

घरी येऊन पत्र लिहिलं. 'व्यवस्थापक, मेघश्याम इंक वर्क्स, घाटकोपर' यांना. आप्पांच्या टाकाने आणि त्यांच्या दौतीतून, कारण चोराला त्याच्याच शाईने काय लिहायचं. मजकूर थोडक्यात असा: आपल्या शाईने लिहिलेलं माझं एक अत्यंत महत्त्वाचं पत्र नऊ दिवसांत संपूर्ण कोरं झालं आहे. यामुळे माझं जे नुकसान झालं त्याची आपल्याला कल्पना येणार नाही. शिवाय आपलं बूच गळतं. 'चोर' हा शब्द एकदाच वापरला.

आप्पा चहा घेताना बघत होते. "एवढं कॉलेजात लिहिलं असतंस तर." मग म्हणाले, "कंपन्या उत्तरं देत नसतात. मी सत्तेचाळीस साली कंदिलाच्या काचेबद्दल लिहिलं होतं. देश स्वतंत्र झाला, पण उत्तर यायचं आहे."

आजपासून ही वही शिसपेन्सिलीने. उडणाऱ्या शाईत मनातलं लिहून काय उपयोग. मागची पानं उघडून पाहायचा धीर होत नाही. कोरी झाली असतील.

शनिवार, २० मार्च

कार्ड आलं. छापील. "आपले ता. ___ चे पत्र पोहोचले. मजकुराची नोंद घेतली आहे. कळावे." मोकळ्या जागेत १२ हा आकडा तेवढा हाताने घातलेला.

नोंद घेतली. म्हणजे काय केलं? वहीत लिहिलं? कोणत्या शाईने? मीही कचेरीतल्या माणसाचा मुलगा आहे. नोंद घेतली म्हणजे टोपलीत टाकलं, हे मला आप्पांनी पाचव्या वर्षी शिकवलं आहे.

आणि एक गोष्ट भिंगाने बघून पक्की केली. तो १२ हा आकडा काळ्या शाईत आहे. कुळकुळीत. स्वतःची निळी-काळी शाई हे लोक स्वतः वापरत नाहीत. यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

रविवार, २१ मार्च

दुसरं पत्र टाकलं. आठ पानं. छापील कार्डाने मी गप्प बसणार नाही, आठ दिवसांत नाव-सहीनिशी माणसाने उत्तर द्यावं, न दिल्यास वर्तमानपत्रांत देईन. शेवटी ठळक लिहिलं: आपण काळी शाई वापरता हे मला समजलं आहे.

उत्तरेने पाकिटाला डिंक लावून दिला. म्हणाली, "दादा, आठ पानं त्यांना, आणि तिला एकच?"

"तिला म्हणजे कोणाला?"

"कोणाला नाही."

हिला काहीतरी वास लागला आहे. जपून राहायला हवं.

मंगळवार, ३० मार्च

माणसाचं उत्तर आलं. दोन पानं, हाताने लिहिलेली. सही श्यामकांत धुरू, रसायनतज्ज्ञ. शब्द न् शब्द तीनदा वाचला, कुठे फसवतो आहे ते बघायला.

लिहितो: बुचाबद्दलची आपली तक्रार रास्त वाटते, चौकशी करत आहे. शाईबद्दल काही माहिती हवी. टाक कोणता, कागद कोणता, पत्र उन्हात राहिलं का, भिजलं का. मग लिहितो: आमच्या शाईत लोखंडाचा अंश असतो. वरचा रंग पुसला तरी लोखंड कागदात मुरलेलं राहतं. अशा कागदावर हिरड्याचं पाणी फिरवलं की गेलेलं अक्षर काळं होऊन उठतं. तो कागद आणून दिल्यास आपलं पत्र आम्ही आपल्याला परत मिळवून देऊ. मजकूर खाजगी असल्यास काळजी नसावी. मी अक्षर पाहतो, मजकूर पाहत नाही.

एवढी नम्रता कशासाठी? कागद एकदा हातात आला की म्हणतील हरवला. पुरावा गिळायची ही जुनी रीत.

पण हिरड्याचं पटतं. रसायनात ते बरोबर आहे. अक्षर उठलं तर? माझी सगळी वाक्यं जशीच्या तशी? ती तिच्या हातात परत देता येतील. नव्याने काही लिहायला नको, तोंडाने सांगायला नको. 

रविवार, ४ एप्रिल, पाडवा

पद्मजा आईला श्रीखंडाची वाटी द्यायला आली. उत्तरा तिथेच ओट्याशी कडुनिंब वाटत होती. आई देवघरात गेली तेवढ्यात मी विचारलं.

"तो कागद आहे ना तुझ्याकडे? परत दे."

"कोरा कागद कशाला हवाय?"

"पुरावा आहे. कंपनी त्यावरचं अक्षर परत उठवून देणार आहे. एकूण एक शब्द."

पद्मजाचा चेहरा उतरला. माझ्याएवढीच तिलाही आशा लागली असणार. "उठतं तसं?"

"लोखंड राहतं कागदात. हिरड्याच्या पाण्याने उठतं."

"मी टाकूनसुद्धा दिला असेल रे."

"टाकलास?"

माझं तोंड कसं झालं असेल मला माहीत नाही. तिने उत्तरेकडे पाहिलं. मग म्हणाली, "बघते. शोधते." उत्तरेला त्याच क्षणी जबर ठसका लागला, पदर तोंडात कोंबून ती परसात गेली. कडुनिंब हिला कधीच सोसत नाही.

गुरुवार, ८ एप्रिल

मिळाला. चार दिवस शोधत होती बिचारी. उत्तरेच्या हातून पाठवला, वर्तमानपत्रात गुंडाळून.

अगदी कोरा. एका अक्षराची खूण नाही. मी दोन घड्या घातल्या होत्या, आता एकच आहे. मध्यावर, नुकती घातल्यासारखी. कोऱ्या कागदाला एवढं इस्त्री केल्यासारखं जपून ठेवणारी मुलगी. कोण म्हणेल तिला काही वाटत नाही?

शनिवार, १० एप्रिल

पोस्टावर भरवसा नाही म्हणून सायकलने स्वतः गेलो, आग्रा रोडने थेट घाटकोपर. कारखाना म्हणजे पत्र्याच्या दोन शेड आणि पुढे एक खोली. गटारातून निळं पाणी वाहत होतं. मनात म्हटलं, खरी शाई इथून जाते वाटतं.

धुरू पन्नाशीचे. खाकी पँट, दहाही बोटं काळी. टेबलावर माझी दोन्ही पत्रं टाचणी लावून ठेवलेली, लाल पेन्सिलीने जागोजाग खुणा केलेल्या. 'चोर' शब्दाखाली मात्र एकही नव्हती.

"बसा, सबनीस. अक्षरावरून वाटलं होतं, वयाने बरेच मोठे असाल."

"अक्षरावरून वय कळतं?"

"राग कळतो. वय चुकलं."

मी कागद दिला, पण कडेला बोट ठेवूनच. त्यांनी हसून तसंच काम चालवलं. आधी एक जुनं, पिवळं, पुसट झालेलं पत्र घेतलं. त्यांच्या वडिलांचं. बशीतलं हिरड्याचं पाणी मऊ कुंचल्याने त्याच्या कडेवर फिरवलं आणि बघता बघता 'चि. श्यामकांत' ही अक्षरं वर आली, कोणी आतून लिहीत असावं तशी. मग माझा कागद.

कागद पिवळट झाला. बस.

"पुन्हा लावा."

लावलं.

"आणखी लावा."

"कागद फाटेल."

त्यांनी तो खिडकीशी नेला, उलटा केला, डोळे मिटून मागच्या बाजूवरून बोट फिरवलं. मग माझं आठ पानी पत्र घेऊन त्याच्यावरूनही फिरवलं.

"तुमचा हात जड आहे, सबनीस. हे बघा, पाठीमागून अक्षर बोटाला लागतं. आंधळ्याने वाचावं इतकं. या कागदाला काहीच लागत नाही."

"हे पत्र हळुवार लिहिलं होतं."

धुरूंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"कोणाला लिहिलं होतं, विचारू?"

"नाही."

"बरोबर. विचारायला नको होतं. हा कागद तुमच्याकडे परत कुठून आला?"

"ज्यांना दिला त्यांच्याकडून."

"हं."

"हं म्हणजे काय?"

"काही नाही हो. हं म्हणजे हं." मग म्हणाले, "याच बाटलीतून तेव्हाच लिहिलेलं आणखी काही असेल तुमच्याकडे? पत्ता, वही, काहीही. शेजारी ठेवून ताडून पाहू. एकट्या नमुन्यावर निष्कर्ष काढू नये."

सगळे रसायनवाले एकाच शाळेत शिकलेले. मला ही वही आठवली. पण वही कोण दाखवणार? "काही नाही," म्हटलं.

"बरं. नसेल तर नसेल."

मग मी कार्डाचं काढलं. काळ्या शाईचं. आता सापडतील असं वाटलं, तर ते खुदकन हसले. "ती आपलीच, मेघश्याम. लिहिताना निळी दिसते. हवा लागली की चार-सहा दिवसांत काळी होत जाते. जितकं जुनं, तितकं काळं."

किती सफाईने सांगितलं. विश्वास ठेवला नाही.

"मग लिहून द्या, बाटली खराब होती म्हणून."

"बूच खराब होतं असं आत्ता लिहून देतो. आणखी दोघांची पत्रं आली आहेत, तुमच्यामुळे ती नीट वाचली. शाईबद्दल कसं लिहू? ती मी बनवतो."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"तुम्ही खोटं बोलत नाही, हीच तर पंचाईत आहे." चहा आला. मी घेतला नाही. नंतर थोडा घेतला. "कागद फाइलला लावून ठेवतो. तुमची तक्रार बंद करत नाही, तुम्ही सांगेपर्यंत उघडीच राहील. चालेल?"

हा माणूस माझ्याकडे एवढी कीव आल्यासारखा का बघत होता? कंपनी बुडायला आली असेल. परतताना विक्रोळीपाशी लक्षात आलं, कागद त्यांच्याकडेच राहिला. शेवटी घेतलाच काढून.

शनिवार, १७ एप्रिल

दोन गोष्टी.

पद्मजाला वांद्र्याचं स्थळ आलं आहे. आलं काय, ठरत आलं आहे. चंद्रप्रकाश नावाचा कोणी. उत्तरेने भाजी निवडताना सांगितलं, माझ्याकडे न बघता. रंगाच्या कंपनीत केमिस्ट आहे म्हणे.

केमिस्ट. रंगवाले आणि शाईवाले एकमेकांना ओळखत नसतील? धुरूंनी तक्रार उघडी ठेवली ती कोणासाठी? मी इकडे हिरड्याचं पाणी बघत बसलो आणि तिकडे बैठका झाल्या. हे उत्तरेला बोलून दाखवलं तर ती सुरी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"दादा, त्या शाईवाल्यांना आता सोड ना रे."

"तिच्यावर घरच्यांनी जबरदस्ती केली असणार. पत्र वाचलं असतं तर ती हो म्हणालीच नसती."

"परवा माझ्याबरोबर दादरला साडी घ्यायला आली होती. दोन तास दुकान हलवलं तिने. हसत होती."

"तू तिच्या बाजूची की माझ्या?"

"मी शाईच्या बाजूची," म्हणाली आणि उठून गेली. हिला अलीकडे बोलायचं भान राहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट. घाटकोपरहून पार्सल. भुशात गुंडाळलेली मेघश्यामची नवी बाटली. बुचाच्या आत रबरी चकती. बरोबर धुरूंची चिठ्ठी: "आपल्या पत्रावरून ही चकती बसवून पाहिली आहे. अजून बाजारात गेलेली नाही. उलटी करून, हलवून, सायकलवर नेऊन बघावी. गळल्यास निःसंकोच कळवावे. आपल्याइतकं स्पष्ट दुसरं कोणी कळवत नाही."

आप्पांनी चिठ्ठी वाचली. घडी घातली. पुन्हा उघडून वाचली. म्हणाले, "कंदिलवाल्यांना या कंपनीचा पत्ता द्यायला हवा."

मी बाटली माळ्यावर टाकली. मी शाईबद्दल विचारतो, हे बुचाबद्दल उत्तर देतात. विचारलेलं सोडून दुसरं दुरुस्त करायचं, म्हणजे तोंड बंद.

रविवार, २५ एप्रिल

साखरपुडा झाला. जायचं नव्हतं. आई म्हणाली, "समोरचं घर आहे, गेला नाहीस तर चार जण विचारतील," म्हणून गेलो.

चंद्रप्रकाश दिसायला बरा. टक्कल पडणार आहे. "तुम्ही काय करता?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "तक्रारी." त्याला विनोद वाटला. मेघश्याम नाव काढून पाहिलं, तर त्याने ते ऐकलेलंसुद्धा नाही. नाटक करत असेल असं वाटेना.

निघताना पद्मजा पेढा घेऊन दाराशी आली. नवी साडी. हातात पेढा ठेवला आणि हळू म्हणाली, "जया, जूनमध्ये कॉलेजात परत जा हं. त्या सरांची माफी मागावी लागली तरी जा."

"बघू," मी म्हटलं. पेढा खाल्ला. चांगला होता.

रस्ता ओलांडून घरी आलो तोवर डोक्यात किडा वळवळायला लागला. जूनचं हिला कोणी सांगितलं? माफीचं? उत्तरा हातपाय धूत होती, तिला दरडावून विचारलं.

"कसली माफी?"

"त्या डेमॉन्स्ट्रेटरची. जूनमध्ये. तू पद्मजाला काय काय सांगतेस?"

"मला आत्ता कळतंय, दादा. तू माफी मागणार आहेस? तू?"

ती खोटं बोलत नव्हती. मग आई? आईला मी कधी बोललो? आप्पांना तर शक्यच नाही. कोणाला तरी बोललो असणार, झोपेत, रागात, कधीतरी. मार्चमध्ये काही लिहून ठेवलं आहे का बघावं म्हणून वहीची मागची पानं उलटली. पेन्सिलीची पानं संपली, त्याच्या मागे गेलो. कोरी असतील असं धरूनच चाललो होतो.

२ मार्च. "पत्रात एक गोष्ट अशी आहे की ती अजून कोणालाच सांगितलेली नाही."

कोरं नाही. लिहिलं तेव्हा निळं होतं, मला पक्कं आठवतं. आता कुळकुळीत काळं आहे. २० फेब्रुवारीचं पान त्याहून काळं. मागून बोट फिरवलं. अक्षर न् अक्षर लागतं.

 आईने दोनदा जेवायला हाक मारली. उत्तरा दारात आली, वहीकडे पाहिलं, आणि दार ओढून गेली. त्या मुलाच्या चपला. पावणेअकराची घंटा. एकच घडी. वाईट वाटावं असं काहीच तिने केलं नाही, एवढं आता दिसतं. माझ्यासाठी तिने चार दिवस एक कोरा कागद शोधला.

पेन्सिल इथे ठेवतो. माळ्यावरून बाटली काढली. उलटी केली, हलवली. गळत नाही. इथून पुढे शाईने.

"श्री. श्यामकांत धुरू यांस, स. न. वि. वि.

ता. १२ मार्चची माझी तक्रार मागे घेत आहे. ती बंद करावी. शाई उडत नाही. त्याच बाटलीतून तेव्हा लिहिलेली एक वही माझ्याकडे होती, ती आज ताडून पाहिली. आपण म्हणालात तशीच काळी झाली आहे. त्या दिवशी विचारलंत तेव्हाच दाखवता आली असती. 'चोर' हा शब्दही मागे घेतो.

चकती चांगली आहे. सायकलवर नेऊन अजून पाहिलेली नाही, जूनपासून रोज नेईन तेव्हा कळवीन.

फाइलला लावलेला कागद तेवढा परत पाठवावा. त्यावर कधीच काही लिहिलेलं नव्हतं, हे आपल्याला त्याच दिवशी समजलं होतं, मला आज समजलं. तरी पाठवावा. तो मला आलेला आहे.

आपला,
जयवंत सबनीस"